ब्लॅक बुकची शेवटची दोन पानं

मार्च-एप्रिल आला की होस्टेलवर एकच विषय. ब्लॅक बुक झालं का? प्रिंटआउट, बाइंडिंग, गाइडची सही. या धावपळीत सगळ्यात शेवटी, बहुधा रात्री दोन वाजता, तयार होतात ती रेफरन्सेसची दोन पानं. तयार होतात म्हणजे सीनियरच्या रिपोर्टमधून उचलली जातात. सीनियरने त्याच्या सीनियरकडून उचललेली असतात. एखादा पेपर असा वारसाहक्काने चालत येतो, आणि तो उघडून पाहिलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही!

मित्रांनो, हा नुसता आळस आहे असं मला वाटत नाही. हे काम कसं करायचं ते आम्हाला कुणी शिकवतच नाही. (मी कॉन्व्हेंटवाली, माझ्या मराठीला सांभाळून घ्या.)

यासाठी झोटेरो नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी ते काढलं. इंजिनियरांनी नाही, हे जरा टोचतंच. फुकट आहे आणि सोर्स कोडही खुला आहे. ब्राउझरमध्ये एक बटण येतं. पेपरचं पान उघडून ते दाबलं की लेखक, वर्ष, जर्नल, पान नंबर आणि जमलं तर पीडीएफसुद्धा आपल्या कपाटात जाऊन बसतं. आयईईई पद्धतीत मजकुरात येतील त्या क्रमाने नंबर द्यावे लागतात. मध्येच एक नवा पेपर घुसवला की पुढचे सगळे नंबर हाताने बदलत बसा. इथे ते आपोआप बदलतात. लेटेक वापरणाऱ्यांना बिबटेकची फाइलही काढून मिळते. एंडनोटला पैसे पडतात. मेंडेली फुकट आहे, पण २०१३ पासून ते एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या मालकीचं आहे, म्हणून माझं मत झोटेरोला.

काही जण म्हणतात, हे क्लार्कचं काम, यात इंजिनियरिंग कुठे आलं? मला हे मुळीच पटत नाही. रिपोर्टमध्ये आपण एक आकडा लिहितो. तो कुणी मोजला, कुठल्या मशीनवर, कुठल्या तापमानाला, हे सांगता आलं नाही तर तो आकडा आणि ऐकीव गप्पा यात फरक काय राहिला? मी प्रत्येक नोंदीखाली तीन ओळी लिहिते: काय मोजलं, कशावर मोजलं आणि मला काय पटलं नाही. तिसरी ओळ लिहायला पेपर वाचावाच लागतो. ती सॉफ्टवेअर लिहून देत नाही.

कारण पीडीएफ जमवणं म्हणजे वाचणं नव्हे. आमची आई पेपरातल्या पाककृतींची कात्रणं जमवते, त्यातली एकही अजून ताटात आलेली नाही.

आता तर चॅटजीपीटीला विचारलं की पाच मिनिटांत पंचवीस रेफरन्सेस मिळतात, दिसायला अगदी खरे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच बनावट निकाल सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. झोटेरोत नुसता डीओआय नंबर टाकून बघा. रेफरन्स रचलेला असेल तर एकतर काहीच येत नाही, नाहीतर भलताच पेपर समोर येतो. मागे घेतलेल्या पेपरवर तर ते २०१९ पासून स्वतःहून इशारा देतं.

कटकटी आहेतच. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून माहिती निघत नाही, आपल्याकडच्या नावांत आडनाव पुढे की मागे याचा घोळ होतो, काही शीर्षकं सगळी कॅपिटलमध्ये येतात. एकेक नोंद डोळ्यांखालून घालावीच लागते.

माझी मागणी छोटी आहे. थर्ड इयरच्या सुरुवातीला लायब्ररीत याचे दोन तास ठेवावेत. प्रोजेक्टच्या चौघांनी एक ग्रुप लायब्ररी उघडावी आणि गाइडनाही त्यात घ्यावं. फुकट जागा ३०० एमबीच मिळते, पण ती फाइलींसाठी असते, नुसत्या नोंदींना ती लागत नाही. ग्रुपमध्ये कुठली नोंद कुणी टाकली तेही दिसतं. चौघांत एकीनेच वाचायचं आणि मार्क चौघांना सारखे, हा प्रकार निदान उघड्यावर तरी येईल. आणि पहिल्या रिव्ह्यूला सरांनी-मॅडमनी प्रिंटआउट बाजूला ठेवून त्यातला कुठलाही एक पेपर उघडावा आणि चौघांपैकी कुणालाही विचारावं, यात काय आहे ते सांग.