शिक्षेलाही माप हवे

रोज्याला सेहरी आणि इफ्तारची मर्यादा असते. मगरीबनंतरही उपाशी राहिल्याने रोजा मोठा होत नाही. शिक्षेचेही तसेच आहे. गुन्हा कबूल केला की माणसाचे सारे हक्क संपले, अशी आपल्याकडे समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. कबुलीवरून कैद झालेल्यालाही ‘शिक्षा फार झाली’ एवढ्यापुरते अपील करता येते. जिंतूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी कैद दिली असेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात. परभणीच्या सत्र न्यायालयाने दिलेल्या कैदेविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात.

पण निकालाची प्रतच हाती नसेल तर? होसकोट खटल्यात सत्र न्यायालयाने नाममात्र कैद दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती तीन वर्षे केली. प्रत मिळून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत शिक्षा भोगून झाली होती. १९७८ मध्ये अर्ज फेटाळला गेला, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात बजावले, की कैद्याला प्रत वेळेत व मोफत मिळाली पाहिजे आणि गरिबाला वकीलही.

आज कोठडीतील कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तरी घरचे लोक नशिबाला दोष देत बसतात आणि मुदत निघून जाते. माफी मागणे वेगळे, माप मागणे वेगळे. माफी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. माप हा हक्क आहे, गुन्हेगाराचासुद्धा.