रस्त्याचा कर शेतात कशासाठी?

हिंगोली जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ च्या कामावरील खोदयंत्र आणि लगतच्या रानात नांगरट करणारा ट्रॅक्टर एकाच पंपावरचे डिझेल जाळतात व एकाच दराने कर भरतात. ही समता दिखाऊ आहे. मोठ्या सरकारी कंत्राटात इंधनाच्या भाववाढीचे कलम असते. कंत्राटदाराचा भार तिजोरीवर सरकतो. सोयाबीनचा भाव मोंढ्यात ठरतो आणि तेथे असे कलम नसते.

मे २०२० मध्ये, जागतिक बाजारात तेल स्वस्त असताना, केंद्राने डिझेलवरील कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढविला. त्यातील ८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे होते. पुढे काही कपात झाली; तत्त्व मात्र बदलले नाही. नांगर रस्त्यावर चालत नाही, मग त्याने रस्त्याचा कर का भरावा?

ब्रिटनने १ एप्रिल २०२२ पासून बांधकामाची स्वस्त डिझेलची सवलत काढली आणि शेतीची कायम ठेवली. हा भेद न्याय्य आहे. परंतु रंग मिसळून वेगळे डिझेल विकण्याचा तेथील मार्ग येथे नको. एका इंधनाचे दोन भाव म्हटले की काळाबाजार आलाच. निळ्या रॉकेलने हे पुरेसे शिकविले आहे. तो रोखू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले.

मार्ग परताव्याचा आहे, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. यांत्रिक नौकांच्या मच्छीमारांना सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देण्याची योजना राज्यात आहे. समुद्रावर मान्य झालेले तत्त्व मराठवाड्याच्या काळ्या रानात अमान्य का व्हावे?

मात्र परतावा पंपाच्या पावतीवर दिला, तर तो ट्रॅक्टरमालकाच्या खिशात जाईल. सेनगाव-कळमनुरीचा अल्पभूधारक ट्रॅक्टर भाड्याने लावतो. डिझेल महागले की त्याचे एकरी भाडे वाढते. म्हणून परतावा एकरी, पाच एकरांच्या मर्यादेत आणि कसणाऱ्याच्या नावे मिळाला पाहिजे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी होते. तिचा आधार घेता येईल. त्यासाठी बटईने कसणाऱ्याचीही नोंद करावी लागेल. जमीनमालकांचा खरा विरोध येथेच होईल, आणि कार्यकर्त्यांची कसोटीही येथेच लागेल.

‘डिझेल स्वस्त करा’ ही घोषणा बड्या बागायतदारालाही सोयीची आहे. कसणाऱ्याला एकरी परतावा, ही मागणी श्रमिकांची आहे.