विषयाची निवड हाही आपला हक्कच



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरी पेढे वाटले जातात, आणि ते रास्तच आहे. परंतु त्यानंतर जे काम उरते त्याकडे आपले जावे तितके लक्ष जात नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला कोणते विषय घ्यावयाचे आणि नाव कोठे नोंदवावयाचे, याचा निर्णय पुष्कळ घरांत विचारावाचून होतो. मित्र गेला तेथे मुलगा जातो, एस. टी. थांबते तेथे मुलगी जाते. आणि अर्जातील विषयांचे रकाने सायबर कॅफेतील मनुष्य आपल्या मनाने भरतो. आमचे म्हणणे असे की, हे केवळ कागद भरणे नव्हे. हा हक्क आहे, आणि तो दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.

हक्क का म्हणावयाचे ते पाहा. बाबासाहेब मुंबईस शाळेत असता त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना ते नाकारण्यात आले व फारसी घ्यावी लागली. संस्कृताचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने केला. ज्यांनी देशाची राज्यघटना घडविली त्यांचा विषय जातीने ठरविला होता! त्याच घटनेच्या २९ व्या कलमाने आज सरकारी वा अनुदानित शिक्षणसंस्थेत जातीवरून प्रवेश नाकारता येत नाही. जे दार उघडण्यास इतका झगडा करावा लागला, त्यातून डोळे मिटून आत जाणे आपल्याला शोभत नाही.

आता नवी रचना समजून घ्या. १९९० साली जळगावास विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे होती. आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे श्रेयांकांची पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक असतात, आणि त्या वर्षी घेतलेल्या विषयांवरूनच पुढचा मुख्य व दुय्यम विषय ठरत जातो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाचे माहितीपत्रक घरी आणा, मुलाला शेजारी बसवा आणि विचारा: या विषयाने पुढे कोणती परीक्षा देता येईल? कोणत्या नोकरीस वा उच्च शिक्षणास तो उपयोगी पडेल? घरात कोणी शिकलेले नसेल तर वस्तीतील शिक्षकास विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

या रचनेत एक धोका आहे, तो आम्ही स्पष्ट सांगतो. पहिल्या वर्षानंतर आणखी ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास पुरा केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर सन्मान पदवी. ज्याच्या घरी जमीन वा दुकान आहे त्याला ही सोय होईल. पण ज्याचे मायबाप कापसाच्या वेचणीवर व केळीच्या बागेत राबतात, त्याला पहिल्याच वर्षी बाहेर खेचण्यास कारणे पुष्कळ असतात. मुलगी असेल तर लग्नाचे बोलणेही त्याच सुमारास निघते. ‘प्रमाणपत्र मिळाले, पुरे झाले’ हे वाक्य आपल्या घरात उच्चारले जाऊ देऊ नका. तो वाटेतला थांबा आहे, मुक्कामाचे गाव नव्हे.

दुसरे काम कागदांचे. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या समाजाला अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. आज बौद्ध झाल्याने त्या सवलती जात नाहीत. मात्र दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहून भागत नाही. मूळ जातीचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नोंद. कोणी म्हणेल, जी जात आम्ही टाकली तिचा कागद का जपावा? तो जातीचा अभिमान नव्हे, झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे; भरपाई मागणाऱ्याने पुरावा जपलाच पाहिजे. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असेल तर जात वैधतेचा अर्ज मूल बारावीत असतानाच पडताळणी समितीकडे करा. निकालानंतर धावाधाव करून वेळ साधत नाही.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांत मातापित्यांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठरविलेली आहे. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. म्हणून खाते आधारशी जोडलेले असावे. प्रवेश घेतला म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप लागत नाही; महाडीबीटीवर निराळा अर्ज करावा लागतो. चोपडा, रावेर, साक्री वा शिरपूर येथून येणाऱ्यांनी शासकीय वसतिगृहाचा अर्जही त्याच सुमारास करावा. तेथे जागा न मिळाल्यास अटी पाहून स्वाधार योजनेसाठी अर्ज करावा. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे.

दरवर्षी ३१ जुलैला आपण धुळ्याजवळील लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या वास्तव्याच्या स्मृतीस वंदन करण्यास जातो. अवश्य जावे. परंतु त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने एकमेकांस विचारावे: तुमच्या मुलीचे नाव नोंदले गेले काय? विषय तिने स्वतः निवडले काय? शिष्यवृत्तीचा अर्ज गेला काय? ज्या घरातून तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर येईल, त्या घराचे वंदन पुरे झाले असे समजावे.

जय भीम!