म्हणे ब्रेक ऑइल!

गाडीच्या ब्रेकमधल्या द्रवाला ज्या कुणी पहिल्यांदा 'ऑइल' म्हटलं, त्याला मी ऐन श्रावणात आमच्या चौलला आठ दिवस मुक्कामाला बोलावणार आहे. इथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड चामड्यासारखा वाकतो आणि काडेपेटी शोभेपुरती उरते. मग विचारीन, बाबा रे, तेल कधी पाणी पितं का? तुझं हे 'ऑइल' पितं! ते तेल नव्हेच. ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे, आणि हवेतला दमट शोषून घेणं हा त्याचा स्वभाव.

नवं डॉट थ्री 205 अंशांच्या आत उकळता कामा नये, असा नियम आहे. तीन-चार टक्के पाणी प्यायलेल्याला तोच नियम 140 वर सोडून देतो. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली की दबते. पाय पेडलवर, पेडल तळाला आणि गाडी आपल्या वाटेने!

हे मला पुस्तकातून नाही कळलं. पुण्याहून येताना बोरघाटात, खाली खोपोली दिसत असताना कळलं. (दुसऱ्या गिअरात उतरायला हवं होतं, असं ही अजून ऐकवते. ऐकवू दे.) हँडब्रेकची तार वेगळी असते, म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे.

आणि गॅरेजवाला सहा वर्षं सांगत होता, 'ऑइल कमी नाय झालं, मग बदलायचं कशाला?' शेजारच्या अण्णांनी तर वरून थोडं इंजिन ऑइल घालायला सुचवलं. हेही ऑइल, तेही ऑइल! त्याने आतली रबरं फुगतात, ब्रेक अडकून बसतात, हे त्यांना काही केल्या पटेना. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालू, चाकाखाली लिंबू चिरडू, पण दर दोन वर्षांनी हा द्रव बदला म्हटलं की लगेच, 'चालतंय ना?'

शेवटी अंगणात स्वतःच बसलो. लांबचं चाक आधी. ही सीटवर, मी चाकापाशी. निपलला नळी, नळीचं टोक बाटलीत.

'दाब! धरून ठेव!'

'धरलंय हो!'

निपल सैल केला, की कोऱ्या चहासारखं काळं पाणी बाटलीत. निपल घट्ट. 'आता सोड!' मधेच दारात बोंबील आले म्हणून हिने पाय उचलला, आणि त्या चाकाचं पुन्हा पहिल्यापासून. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, हेही सांभाळायचं. नळीतून पिवळसर, स्वच्छ धार आली तेव्हा उन्हं उतरली होती.

तेवढ्यात दोन थेंब मडगार्डवर सांडले. पुसेपर्यंत रंगाला फोड आले. मी अण्णांना मुद्दाम बोलावून दाखवलं, 'आता बोला! तेलाने रंग जातो का?'

अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, 'वरून जरा ऑइल चोळ. चमक येईल.'