सायकलचं बटण

रात्री दोन वाजता ज्या खोलीत लाईट चालू असतो तिथे अभ्यास चालू असतो, असा आमच्या रेक्टर सरांचा एक गोड गैरसमज आहे. आमच्या खोलीत त्या वेळी शहर वसवणं चालू असतं! 'सिटीज : स्कायलाइन्स' हा फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर कंपनीने बनवलेला, 2015 साली आलेला गेम. रस्ते आखा, वीज द्या, पाणी द्या, कर लावा. लोक आपणहून राहायला येतात. आणि लोक आले की मागोमाग ट्रॅफिक जॅम येतोच.

माझ्या शहरात नदीवर एकच पूल. अलीकडे घरं आणि दुकानं, पलीकडे ऑफिसं आणि कारखाने. ट्रॅफिकच्या नकाशावर पूल कायम लालभडक. रूममेट म्हणाला, "अरे, सायकलचं बटण दाब की!" त्याच वर्षी या गेमची 'आफ्टर डार्क' नावाची पुरवणी (परीक्षेची नव्हे!) आली. तिच्यात सायकली आल्या आणि लोकांना सायकलकडे वळवायचं एक धोरणही. एक क्लिक, की झालं! मी दाबलं. सायकली दिसायला लागल्या, पण फूटपाथवर. पूल होता तसाच लाल.

मग वैतागून रांगेतल्या एकेका गाडीवर क्लिक करून पाहिलं, कोण कुठे चाललंय ते. बरीचशी वाहनं निघाली मालाचे ट्रक, कारखान्यातून दुकानांकडे चाललेले. आता ट्रकवाला काही पोती कॅरिअरला बांधून सायकलने येणार नाही! शिवाय बसथांब्यावरची गर्दी कमी झालेली. म्हणजे सायकलवर आलेले सगळेच काही गाडी सोडून आले नव्हते.

शेवटी घरांच्या वस्तीतून ऑफिसांपर्यंत फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी सरळ वाट काढली, नदीवर छोट्या पुलासकट. गाडीला वळसा, सायकलला शॉर्टकट. गेममधला माणूस पर्यावरणप्रेमी वगैरे नसतो, कुठून लवकर पोचतो एवढंच बघतो. जुन्या पुलावरच्या गाड्या खरंच घटल्या. ट्रकसाठी मात्र वेगळा रस्ता करावाच लागला. बटणाने जे झालं नाही ते वाटेने झालं.

अर्थात, गेमला लगेच गुरू करायचं कारण नाही. तिथे पार्किंगला जागा मिळाली नाही तर गाडी चक्क अदृश्य होते. फार वेळ अडकलेली गाडीही गायब! सायकलला गाडीने उडवलं असंही तिथे होत नाही, त्यामुळे सायकलवाल्याला भीती ठाऊक नाही. खऱ्या रस्त्यावर भीती हाच सर्वात मोठा स्पीडब्रेकर. नेदरलँड्समधल्या सायकलींचं आपण कौतुक करतो, पण 1970 च्या दशकात अपघातांत मुलं मरत होती म्हणून तिथले लोक रस्त्यावर उतरले होते, हे विसरतो. मॉडेल काय दाखवतं याच्याइतकंच ते काय लपवतं हे बघायला आपल्याला इंजिनिअर म्हणून शिकवतात ना?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नोटीस बोर्ड. पुढच्या सत्रापासून हॉस्टेलच्या मुलांनी कॉलेजात येताना बाईकऐवजी सायकल वापरावी, असं आवाहन लागलंय. हेतू उत्तम. पण हे झालं बटण! वाटेचं काय? हॉस्टेलमागचं गेट बारा महिने कुलूपबंद. त्यामुळे वर्कशॉपला जायला मेन रोडच्या चौकातून वळसा, तोही बस-ट्रकच्या मधून. सायकल स्टँडला छप्पर नाही, पावसाळ्यात चेन गंजून जाते. फर्स्ट इयरच्या पोरांनी हौसेने आणलेल्या सायकली दिवाळीपर्यंत जिन्याखाली धूळ खात पडतात. त्यात माझीही एक आहे.

म्हणून विनंती एवढीच : सर, आधी ते कुलूप काढा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास गेट उघडं ठेवा, आतल्या वाटेवर चार दिवे लावा, स्टँडवर पत्रा टाका. मग आवाहन नाही केलंत तरी चालेल. आम्ही पोरंसुद्धा गेममधल्या माणसांसारखीच, जिकडून लवकर पोचतो तिकडून जातो.

आणि मित्रांनो, गेट उघडलं तर जिन्याखालची सायकल बाहेर काढायची जबाबदारी आपली. मी माझीच्या चाकात हवा भरायला घेतोय.