ओट्याला लावायचं काय?

आपल्याकडे ओटा म्हणजे कडप्पा, नाहीतर ग्रॅनाइट. लाकडाचा करतोय म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, "पावसाळ्यात बघू." तरी सागवानाच्या फळ्या जोडून, रंधा मारून मी तो केलाच. खरी पंचाईत पुढे. वरून लावायचं काय?

ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: पीयू मार. सुतारकाका, हार्डवेअरवाला, ऑफिसातले मित्र, सगळे. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाकडावर त्याचा कडक पापुद्रा बसतो, पाणी वरच राहतं, हळद पुसली जाते. चपड्याच्या पॉलिशपेक्षा कितीतरी बरं. चपड्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग ठरलेला.

मग माझा आक्षेप कशाला? कारण ओटा म्हणजे टीपॉय नव्हे. त्यावर रोज कुकर आपटतो, सुरी फिरते. पापुद्र्याला एक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. लाकूड काळं पडतं, पापुद्रा सुटतो. तेवढाच तुकडा दुरुस्त केला तर ठिगळ दिसतं. नीट करायचं तर सगळं घासून पहिल्यापासून. आमच्या भाषेत, पॅच नाही, थेट री-इन्स्टॉल!

तेलाचं उलटं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. (शेंगदाण्याचं तसं वाळत नाही, खवट होतं. तो प्रयोग नको.) कच्च्या जवसाला आठवडे लागतात. 'बॉइल्ड' लवकर वाळतं, पण त्यात बहुधा धातूंचे ड्रायर असतात, म्हणून मी कच्चंच घेतलं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं. खालच्या बाजूलाही, नाहीतर दमट हवेत फळी वाकते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा, किंवा बाहेर पसरून वाळवा.

बायकोचा प्रश्न रास्त होता: "दरवर्षी घासणार कोण?" मीच! तेल पीयूइतकं पाणी अडवत नाही, सांडलेलं लगेच पुसावं लागतं, हे मान्य. सिंकच्या कडेला तर मीही दगडच ठेवलाय. आणि हा व्याप नको असेल तर कडप्पाच बरा, त्यात कमीपणा काही नाही.

पण परवा ओली लोखंडी कढई रात्रभर राहिली आणि सकाळी काळं वर्तुळ उमटलं. पॉलिशपेपर घेतला, तेवढीच जागा घासली, तेलाचा हात दिला. चहा होईपर्यंत काम संपलं. आईने येऊन जागा शोधली. सापडली नाही.

पावसाळा एक झालाय. ती म्हणते, अजून एक बघू.