दीडशे मर्सिडीज आणि आमची रिक्षा

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातील मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी! देशभर नाव गाजले. अभिमान मलाही वाटतो. पण पुंडलिकनगरहून रिक्षात आदळत कॉलेजला येताना वाटल्यावाचून राहत नाही, की मोटारीत रूप मोठे की आराम?

एअर सस्पेन्शन धक्के पोटात घेते हे खरे. परंतु ऐट दिसावी म्हणून रिम मोठी केली, की टायरचे रबर पातळ होते आणि तोच धक्का थेट पाठीत बसतो. म्हणजे पैसे मोजून दुखणे विकत घेतले! मला विचाराल तर मी जाड टायरच निवडीन. आणि आधी रस्ता. त्यावर आमचा रिक्षावालाही सुखाने बसेल.